नावांच्या भिंतीसमोर

बर्लिनला निघाले त्या सकाळी रत्नागिरी स्टेशनवर गाडी चाळीस मिनिटं उशिरा होती. तेवढ्या वेळात आईने आमसुलांच्या पुडीला तीन गाठी मारल्या आणि एकच वाक्य पाच वेळा सांगितलं, "पोचलीस की कळव गो." बाबा फलाटाच्या टोकाला उभे राहून सिग्नल बघत होते. या गोष्टीला सात वर्षं झाली. अजूनही मी कळवते. ऑफिसातून नुसती घरी आले तरी.

बर्लिनमध्ये मी एका वृत्तसंस्थेत बातम्या तपासते: नावं, गावं, आकडे. माझ्या मेट्रो स्टेशनाबाहेर इराणमधल्या बायकांच्या आंदोलनाला पाठिंबा म्हणून एक भिंत रंगवली आहे. मोकळ्या केसांची बाई, आणि तिच्या बटांवर नावं. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका आपलंही नाव लिहून जातात. मी माझं लिहिलं आणि फोटो घरी पाठवला. आईचं उत्तर आलं, "छान. खाली चुना दिलाय का?"

रत्नागिरीत आमच्या मांडवीच्या घरासमोर नफिसाभाभी राहतात. त्यांचे यजमान कुवेतला असतात. फोटो आईच्या मोबाइलवरून त्यांच्याकडे गेला आणि त्यांनी रस्त्याकडेची आपली लांब भिंत देऊ केली. आळीतल्या बायकांनी ठरवलं, तशीच बाई काढायची, पण बटांवर माहेरची नावं लिहायची. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं, त्याच्या आधीची. त्यांचं म्हणणं सरळ होतं: तिकडे त्यांचे केस, इकडे आमची नावं.

मी सुट्टीवर पोचले त्या दिवशी बाईचा चेहरा काढून झाला होता. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्यावर डाग पडलेले. भिंत उघड्या जांभ्याची. आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "फोटो आला तेव्हाच विचारलं होतं ना मी? जांभा रंग पितो." मग तिने स्वतः दोन दिवस चुन्याचे दोन हात दिले.

चेहरा पुन्हा काढला, केस काढले, आणि नावं सुरू झाली. नफिसाभाभींनी पहिलं नाव लिहिलं, सगळ्यांत मोठं. "आमचं नाव कुणी बदललं नाही, म्हणून काय माझ्याच भिंतीवर मी नको?" आई सगळ्यांच्या हातात ब्रश देत होती. स्वतः लिहीत नव्हती. तिचं माहेर आंजर्ल्याचं, नाव शेवंती. आजोबा गेल्यापासून या नावाने तिला कुणी हाक मारलेली नाही. मी विचारलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "ह्यांना वाटेल, त्यांनी दिलेलं नाव मला नको झालं."

सुट्टीचे दोन दिवस उरले होते. ते नाव बघितल्याशिवाय मला परत जायचं नव्हतं. बाबांशी बोलावं की नाही, हे ठरवेपर्यंत दुपारी बाबाच स्टूल घेऊन बाहेर आले. आईचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं होतं.

"अगो, सुनंदा हे नाव मी कुठे काढलं?" ते आईला म्हणाले. " आत्याने कानात सांगितलं, मी लिहिलं. अक्षर तेवढं माझं."

"तेही घाण होतं," आई म्हणाली.

"तांदूळ हलत होते."

"काका, भाषण पुरे, स्टूल धरा," नफिसाभाभी म्हणाल्या.

बाबांनी स्टूल धरलं. आई चढली आणि कानाजवळच्या बटेवर एका दमात लिहून उतरली. मागे सरून बघत म्हणाली, "श जरा मोठा झाला." कुणी तिला पुसू दिला नाही.

घरात आल्यावर बाबांनी जपून हाक मारली, "शेवंती, चहा टाकतेस?"

"शेवंतीला या घरातलं काही सापडत नाही. ती आत्ताच आलीय. तुम्ही टाका."

बाबांनी टाकला. साखर जास्त झाली. आई दोन कप प्यायली.

बर्लिनमध्ये माझ्या घराची खूण म्हणजे रस्ता, नंबर आणि बेलवरचं आडनाव. मांडवीचं घर पूर्वी बाबांच्या नोकरीवरून 'एसटीवाल्यांचं' म्हणून ओळखलं जायचं. परवा व्हिडिओ कॉल चालू असताना कुरियरवाल्याने दुसऱ्या फोनवर आईला पत्ता विचारला. ती म्हणाली, "नावांच्या भिंतीसमोर. शेवंतीचं घर विचारा, कोणीही दाखवेल."

माझं घर कुठलं, असं इथे कुणी विचारलं की आता मीही एवढंच सांगते: नावांच्या भिंतीसमोर.