घरात माणसं किती

जनमत चाचणीच्या कामात काकू बावीस वर्षं होत्या. ऑफिसात सगळे त्यांना काकूच म्हणत, वयाने मोठे साहेबसुद्धा. प्रश्न कागदावर आहे तसाच वाचायचा, उत्तर सांगतील तसंच लिहायचं, ऐकताना भुवईही हलवायची नाही, हे मला त्यांनीच शिकवलं. घरीही तोच चेहरा घेऊन येतेस, भाजी आवडली की नाही तेही कळत नाही, असं त्यांचा नवरा म्हणतो. हे सांगतानाही त्या हसल्या नव्हत्या.

साहित्यात एम.ए. करून मी तिथे पडताळणीला लागले होते. भरून आलेल्या फॉर्मांपैकी काहींच्या घरी फोन करायचा, दोन-तीन प्रश्न परत विचारायचे. काकूंच्या एका फॉर्मवर घरात माणसं चार. फोनवर त्या घरचा मुलगा घाईत होता. तीन म्हणाला, नावं सांगितली, फोन ठेवला. एकाहत्तर वर्षांचा एक पुरुष फॉर्मवर जास्तीचा होता. मी तशी नोंद केली. माझं कामच ते.

दारोदार न जाता घरबसल्या फॉर्म भरला, तर भरणाऱ्याचं नाव कामाच्या यादीतून जातं. साहेबांनी काकूंना बोलावलं. काहीतरी सांगा हो, असं ते अजिजीने म्हणत होते. शेवटी ते मला म्हणाले, परत फोन लाव, आणि या वेळी घरातल्या बाईंनाच विचार.

"फोन नको," काकू म्हणाल्या. "मी घरी बसून भरला."

तसं लिहून त्यांनी सही केली. मी त्यांच्यामागे जिन्यात धावले.

तिथे त्यांनी खरं सांगितलं. त्या बाईंनी बोटांवर मोजलं होतं. मी, मुलगा, सून आणि हे. काकूंनी लिहून घेतलं. निघताना सून फाटकापर्यंत आली. बाबांना जाऊन महिना झाला, म्हणाली, आई अजून चारच मोजतात. काकूंनी फॉर्म बदलला नाही.

मी म्हटलं, साहेबांना सांगते, ते ऐकतील.

"ऐकतील गं. पण खात्रीसाठी फोन करतीलच. आणि त्या बाईंना विचारणार काय? नीट मोजून सांगा?"



आता त्यांचे सगळे फॉर्म रद्द होणार होते. ती गल्ली पुन्हा नव्याने मी करणार, हे त्यांना ठाऊक होतं. आम्ही एका टोकापासून दर पाचवं दार घेतो.

"तू दुसऱ्या टोकाकडून सुरू कर," त्या म्हणाल्या. "मग त्या बाईंचं दार येत नाही. मी मोजून पाहिलंय."