सेहेचाळिशीच्या पोटात सव्विशीचं बीज

रिपोर्टवर लाल अक्षरांत 'हाय रिस्क' छापलं होतं, आणि तो माझ्याआधी सुलभाताईंच्या नणंदेने वाचला. फाईल नेहमी तिच्याच हातात असायची.

सुलभाताई थळच्या. वय सेहेचाळीस, लग्नाला तेवीस वर्षं, पहिलंच गरोदरपण, तिसरा महिना संपत आलेला. मी अलिबागच्या एका लहान प्रसूतिगृहात ज्युनिअर डॉक्टर. रिपोर्ट डबल मार्कर चाचणीचा होता; ती म्हणजे काय, ते मी त्यांना समजावलं. रक्तातले आकडे, सोनोग्राफी आणि आईचं वय कॉम्प्युटरमध्ये घालतात. त्यावरून बाळाला डाउन सिंड्रोमसारखा जन्मजात दोष असण्याची शक्यता किती, ते निघतं. वय जास्त, तर शक्यता जास्त. खात्री करायची तर पोटात सुई घालून गर्भाभोवतीचं पाणी काढावं लागतं. त्यात गर्भ पडण्याची थोडी भीती असते.

सुई म्हटल्यावर सुलभाताईंनी दोन्ही हात पोटावर ठेवले. नणंदच म्हणाली, घरी विचारून सांगतो.

पाच मिनिटांनी सुलभाताई एकट्याच परत आल्या. नणंदेला त्यांनी गोळ्या आणायला पाठवलं होतं. दार लोटून उभ्याच राहिल्या.

"मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरला वय लागतं ते माझं, का बीजाचं?"

मी पेन खाली ठेवलं.

"बीज माझं न्हाय. पनवेलला टेस्ट-ट्यूबचं केलं, दुसरीचं बीज घेऊन. घरात फक्त यांना ठाव हाय."

मी बीज देणाऱ्या मुलीचं वय विचारलं.

"नाव न्हाय सांगत ते. वय सांगतात. सव्वीस." मग हळूच म्हणाल्या, "माझ्या भाचीएवढी पोर. तिलाबी सुई टोचली आसंल ना?"

"भूल देतात," मी म्हटलं. त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं.

चूक माझी होती. फॉर्मवर 'डोनर एग'चा, म्हणजे बीज दुसरीचं आहे का याचा, रकाना असतो. नणंद शेजारी बसलेली, म्हणून मला विचारायचा संकोच वाटला आणि मी तो रिकामा सोडला. या दोषाची शक्यता बीजाच्या वयावर ठरते, पोट कुणाचं आहे त्यावर नाही. लॅबला फोन करून सव्वीस घालून पुन्हा काढायला सांगितलं. लो रिस्क आलं. सुई टळली.

प्रसूतिगृहाच्या मोठ्या डॉक्टर मॅडम मला एवढंच म्हणाल्या, "लाजायचं ते घरी लाज. इथे विचार."

मग त्यांनी सुलभाताईंना बसवून सांगितलं. बीज तरुण असलं तरी हृदय आणि रक्तवाहिन्या सेहेचाळीस वर्षांच्याच आहेत. शिवाय दुसरीच्या बीजाचा गर्भ असला की बीपी वाढायचा धोका आणखी जास्त. रोज ॲस्पिरिनची छोटी गोळी, दर आठवड्याला बीपी. फाईल नणंद वाचते, म्हणून डोनरची नोंद आम्ही आमच्याकडच्या कार्डावर ठेवली.

छत्तिसाव्या आठवड्यात बीपी चढलंच. आम्ही त्यावर नजर ठेवूनच होतो. मॅडमनी त्याच दुपारी सिझेरियन केलं. मुलगी झाली, दोन किलोची. चार दिवस काचेच्या पेटीत राहिली आणि मग आईजवळ आली.

नणंद बाळावर वाकून म्हणाली, "नाक बघा, थेट वहिनीचं."

सुलभाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बीपीचा पट्टा गुंडाळत राहिले.

हल्ली फॉर्म भरताना मी सोबतच्यांना आधी बाहेर बसवते. काही जणी रागावतात. त्या रागाला गोळी लागत नाही, तो आपोआप उतरतो.