आधी टायर

त्याला सगळे बघू म्हणत, कारण काहीही विचारलं तरी तो 'बघू' म्हणे. चहा घेणार का, बघू. पंप आज सुरू होईल का, बघू. लग्न करायचं का, असं विचारल्यावरही तो हेच म्हणाला होता. जिने विचारलं होतं ती वाट पाहून पाहून शेवटी त्याची बायको झाली. घरात तिला धाकटी म्हणत. पन्नाशी उलटली, निम्मे केस पिकले, पण मोठी जाऊ ठणठणीत असल्यामुळे बढती मिळण्याचं काही चिन्ह नव्हतं.

चार खोल्यांचं घर होतं. दोन खोल्यांत बघूचे थोरले भाऊ दादा आणि जाऊबाई, दोन खोल्यांत हे दोघं, आणि मधे लाकडी फळ्यांच्या भिंती. इकडे कोणी शिंकलं की तिकडून जाऊबाई काढा घेऊन येत. माणसं वाईट मुळीच नव्हती. वाईट असती तर धाकटीने कधीच भांडून मोकळं करून घेतलं असतं. आईवडील गेल्यावर दादांनीच बघूला वाढवलं होतं, शिकवलं होतं, पंपाच्या कामाला लावलं होतं. त्यांच्यासमोर उभं राहून 'मला वेगळं राहायचंय' म्हणणं बघूच्या जिवावर येई, आणि त्याचं घोडं वर्षानुवर्षं तिथेच अडलेलं होतं.

तिला फक्त दोन खोल्या हव्या होत्या. स्वतःचं बिऱ्हाड, जिथे नवऱ्याशी बोलायचं तर आवाज खाली आणावा लागणार नाही.

तोवर त्यांचा संसार गाडीत चालला होता. बघूकडे डोंगरावरच्या पाण्याच्या पंपांची देखभाल होती. त्यासाठी त्याच्याकडे चारही चाकांनी जोर लावणारी एक जुनी गाडी होती. पान्हे हातात द्यायला ठेवलेला माणूस सोडून गेला तेव्हा धाकटी आठवडाभरापुरती म्हणून त्याच्याबरोबर गेली, ती पुढे जातच राहिली. मुलीचं लग्न, जावयाचा स्वभाव, जाऊबाईंच्या आमटीतलं मीठ, सगळं त्या गाडीतच बोलून व्हायचं. घरी दोघं मूग गिळून जेवत. जाऊबाईंना वाटे, या दोघांचं काही बरं चाललेलं नाही. एकदा त्यांनी समेट घडवून आणण्याचाही प्रयत्न केला.

त्या वर्षी टायर गुळगुळीत झाले. पंपाच्या वाटेवर अर्धा रस्ता डांबरी आणि अर्धा चिखलाचा. एका वळणावर गाडी घसरली आणि आरामात खड्ड्यात जाऊन बसली. दोघंही एका बाजूला कलून बसले होते, तिच्या मांडीवर पान्ह्यांची पिशवी होती. बाहेर पडायची घाई नव्हती, कारण वरचं दार उघडायला जोर लागणार होता. तेवढ्यात धाकटीने सांगितलं की बेकरीच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या होताहेत, बेकरीवाली आपल्यासाठी थोडे दिवस थांबायला तयार आहे.

बघूने आरशात मागचं चाक पाहिलं. "बघू," म्हणाला. "आधी टायर."

मग टायरांचा शोध सुरू झाला. बघू रस्त्याने चालताना लोकांच्या उभ्या गाड्यांसमोर उकिडवा बसू लागला. टायराच्या खाचेत अंगठा घालून खोली बघायची, नखाने रबर दाबायचं, अडकलेले खडे काढून हातात घेऊन विचार करायचा. एका गाडीत मालक बसलेला होता, त्याने काच खाली करून काय हवंय असं विचारलं. बघूने त्याला टायर चिखलात कसे चालतात ते विचारलं आणि दोघं अर्धा तास बोलत उभे राहिले. धाकटी भाजीची पिशवी घेऊन शेजारी उभी होती. तिच्या मनात आलं, या माणसाने दोन खोल्यांसाठी याच्या निम्मी जरी चौकशी केली असती तरी आपण आज बेकरीवर राहत असतो.

टायरवाल्याकडे ती तीन प्रकार ऐकून आली होती. साधे, रस्त्याचे. मड टायर, मोठमोठ्या दातांचे, फक्त चिखलासाठी. आणि मधले ऑल-टेरेन, जे डांबरावरही चालतात आणि चिखलातही. निम्मा रस्ता असा आणि निम्मा तसा असलेल्या माणसाने काय घ्यावं हे शाळेतलं पोरही सांगेल. टायरवाल्यानेही तेच सांगितलं. बघू म्हणाला, बघू. असं त्याने पाच-सहा फेऱ्यांमध्ये म्हटलं.

मग एक दिवस धाकटी शेजारच्या दुकानात सुईदोरा घ्यायला गेली, आणि परत येते तर गाडी जॅकवर आणि चौथं चाक बसतंय. मड टायर. आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याने तिच्या पाठीमागे काहीतरी ठरवलं होतं आणि तेही चुकीचं. का म्हणून तिने विचारलं तर तो म्हणाला, चिखलात बरे.

डांबरावर आल्याबरोबर ते टायर गरजायला लागले. पीठ दळायच्या चक्कीत बसल्यासारखं वाटत होतं. तिने "अहो, खिडकी लावा" म्हटलं तर त्याने हॉर्न वाजवला. तिला रागाने रडू यायचं बाकी होतं. संसारात बोलायला एकच जागा उरली होती, तीही या माणसाने घालवली होती.

दोन वळणं गेली. मग तिच्या डोक्यात एक विचार आला, आणि तो चांगला नाही हे तिला तेव्हाच कळलं. चिखलाचा रस्ता लागला की आवाज बसणार होता. ती तोवर थांबली नाही. खिडकीतून बाहेर बघत, नेहमीच्या आवाजात तिने विचारलं, "बेकरीवरच्या खोल्या घ्यायच्या ना?"

"हो," बघू मान डोलवत म्हणाला.

त्या रात्री जेवताना तिने दादांना सांगितलं की यांनी हो म्हटलंय. दादांचा घास हातात राहिला. त्यांनी धाकट्या भावाकडे पाहिलं.

"टायरांचा फार आवाज होता, दादा," बघू ताटाकडे बघत म्हणाला. "पण हो म्हटलं खरं."

दादांच्या घरात म्हटलं म्हणजे म्हटलं. पूर्वी एका पाहुण्याने कपाटाची तारीफ केली तेव्हा दादा भिडेखातर 'घेऊन जा हवं तर' बोलून गेले होते. पाहुणा खरंच घेऊन गेला. तेव्हापासून घरातले कपडे ट्रंकेत राहत, पण दादांनी कपाट परत मागितलं नाही. टायर बनवणाऱ्यांना दोन शब्द सुनावून ते म्हणाले, बेकरीवालीला शब्द गेला असेल तर आता मागे फिरता येत नाही. पलंग त्यांनी स्वतः धरून जिन्यावरून वर नेला. जाऊबाई डोळे पुसत डबा घेऊन आल्या. बघूला कोणीच काही बोललं नाही. सगळा दोष टायरांवर गेला.

नव्या घरात भिंती विटांच्या होत्या. पहाटे खालून पावाचा वास येई. मोठ्याने बोललं तरी कोणाला ऐकू जाणार नव्हतं, आणि धाकटीला बोलवेना. नवऱ्याला फसवून घर घेतलं, ही गोष्ट तिला आतून खात होती. सांगायचं ठरवून ती दोनदा त्याच्यासमोर बसली आणि दोन्ही वेळा भाजी निवडून उठली.

एके सकाळी बघू आपणहून म्हणाला, टायर बदलू, मधले घेऊ. टायरवाल्याने मड टायर उतरवून घेतले, फारसे झिजले नव्हते. हात पुसत तो धाकटीला म्हणाला, "मी यांना तेव्हाच बजावलं होतं, वहिनी. डांबरावर शेजारच्याचं एक अक्षर ऐकू येणार नाही म्हटलं. तर म्हणाले, अजिबात नाही ना? मग हेच द्या."

बघू वाकून वॉल्वची टोपणं घट्ट करत होता. ती आधीच घट्ट होती.

परतीच्या वाटेवर गाडी इतकी शांत चालत होती की पिशवीतले पान्हे वाजलेले ऐकू येत होते. धाकटीला हसू येत होतं, आणि इतक्या वर्षांत आली नव्हती इतकी या माणसाची माया आली होती. शेवटी तिने विचारलं, "तेव्हा तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"नाही. एक अक्षर नाही."

"मग हो कसं म्हणालात?"

"तू दुसरं काय विचारणार होतीस?"

पुढच्या वळणावर तिने विचारलं, रविवारी दादा-जाऊबाईंना जेवायला बोलवायचं का.

"बघू," तो म्हणाला.