लिंबाच्या पाल्यावरचं करडू

बरेच दिवस काही लिहितो लिहितो म्हणत टाळतोय, पण आज लिहायलाच हवं.

इंदापूरला निघालो होतो, मधेच बावड्यात मावशीकडं चहाला थांबलो. तिनं हातात खराटा दिला. दारातल्या कडुलिंबाची गळलेली पानं गोळा केली आणि पेटवणार, तेवढ्यात शेजारच्या चाची ओरडल्या, "जाळू नगंस! शेळी व्यायला झालीय. मागचं करडू ओल्या जमिनीवर गारठून गेलं. आता तिच्याखाली काय तुझा शर्ट अंथरू?"

पाट्या भरून सगळी पानं गोठ्यात पसरली. तासाभरात करडू त्यांवर उभं राहिलं, अंगाला पिवळी पानं चिकटलेली. याला मी कचरा म्हणत होतो! लिंबाला हात जोडले आणि मावशीच्या ओट्यावर बसून लगेच हे लिहितोय.

तुम्ही दारातल्या पानांचं काय करता?

थांबा, चाची हाका मारतायत. एकच होईल म्हणाल्या होत्या, आता ओरडतायत, "आरं पळ, दुसरं बी आलं!"