जिजीच्या माहेरचे कायदे

थांबा, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर राहूनच जाईल. साहेब जेवायला गेलेत, टाइपरायटर मोकळा आहे, आणि सकाळपासून माझ्या डोक्यात जिजी बसून फासे घोळवतेय.

अशीच घोळवायची ती. बांगड्या कोपराकडे सारलेल्या, दोन्ही तळव्यांत हाडाचे लांबट फासे, डोळे मिटलेले. आणि दान टाकायच्या आधीच आम्हाला ताकीद, "आधीच सांगी ठेवस हां, आमनाकडे असंच ऱ्हास." म्हणजे आमच्याकडे असंच असतं. काय असंच असतं? ते तिलाही अजून ठाऊक नसायचं! दान पडल्यावर ठरायचं.

झालं काय, काल आमच्या खोलीवर मुली लुडो घेऊन बसल्या होत्या. इथे धुळ्याला आम्ही नोकरीवाल्या मुली एकत्र राहतो. एक म्हणाली, दुसऱ्याची सोंगटी मारल्याशिवाय आपली घरात जात नाही. दुसरी म्हणाली, असं कुठे असतं! आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमनाकडे असंच ऱ्हास." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. "काय असंच?" मला सांगताच येईना. मी नुसती हसत सुटले आणि मग रात्री झोपच लागेना.

नंदुरबारला जिजी आमच्या समोरच्या घरात राहायची. चाळिशीची असेल, उंच, दात जरासे पुढे, हसली की पदर आधी तोंडावर जायचा. नवरा कापसाच्या जिनात कामाला, फार न बोलणारा. घरात तिसरी म्हणजे तिची सासू, तिला गल्लीत सगळे मोठी माय म्हणायचे. मोठ्या मायला सगळ्याच गोष्टींचा संशय. दुधाचा, हवेचा, आणि जिजीच्या कायद्यांचा तर सगळ्यात जास्त.

पट मांडला जायचा तो वाळवणाच्या दिवसांत. तुमच्याकडेही कुणीतरी राखण करत बसत असेलच ना? बाजांवर पापड, कुरडया पसरलेल्या, आणि कावळे हाकलायला कुणीतरी हवं. बायकांना दिवसाढवळ्या बसून खेळायला त्याहून चांगलं निमित्त नाही. कडुनिंबाच्या सावलीत जिजी तिचा कापडी पट अंथरायची, चार पट्ट्यांचा, मधे चौकोनी घर. समोरासमोरच्या दोघी भिडू. मी जिजीची भिडू. मोठी माय आणि माझी आई आमच्या विरुद्ध.

ती दुपार कशी सांगू तुम्हाला! गल्लीचं टोक उन्हात पाण्यासारखं हलायचं. वारा नसायचा तरी निंबाची फुलं पटावर पडायची, आणि आम्ही ती फुंकून बाजूला करायचो की सोंगटी हलायची, की भांडण. लांब कुठेतरी गिरणीचा आवाज. फासे पडायचे तेवढाच जवळचा आवाज. मधेच कुणाचा डोळा लागायचा, दान हातातच राहायचं. जिजी तिला उठवायची नाही. "झोपू दे व तिले," म्हणायची, "आमनाकडे झोपेलनं दान मोडस नही." झोपलेलीचं दान बुडत नाही! असा कायदा तुम्ही ऐकलाय कुठे?

असे किती तरी. कावळा हाकलायला जी उठेल तिला एक दान जास्त. (माझी आई कावळा नसतानाही उठायची.) फासा पापडावर पडला तर तो पापड भाजून सगळ्यांनी खायचा, मग पुढे खेळायचं. नव्या नवरीची पहिली सोंगटी मारायची नाही. आणि घरी पोचलेली सोंगटी भिडूसाठी परत बाहेर काढता येते, हा तर तिचा लाडका कायदा. स्वतःचा डाव संपत आला की मुद्दाम एक सोंगटी पुन्हा वाटेला लावायची, माझ्या मागे पडलेल्या सोंगटीला सोबत म्हणून.

"काय कायदा लावी ऱ्हायनी व तू?" मोठी माय ओरडायची. "घर गयेल सोंगटी बाहेर येस का कोठे?"

"मन्हा माहेरले येस, माय."

"मंग तुन्हा माहेरना कायदा तुन्हा माहेरले!"

असं बोलून झालं की मोठी माय एकदम गप्प व्हायची, पदर नीट करायची. का ते सांगते. पण आधी सगळ्यात वेगळा कायदा राहिला.

आपण म्हणतो सोंगटी मारली, मेली. जिजीच्या पटावर मेली म्हणायचं नाही. मारलेली सोंगटी मधल्या घरात परत जाते ना, तर ती माहेरी गेली म्हणायचं. आणि जिनं मारली तिनंच ती दोन बोटांनी उचलायची, अलगद मधे ठेवायची आणि म्हणायचं, "जाय माय, चार दिन ऱ्हाईसन ये." जा बाई, चार दिवस राहून ये. विसरलात तर मारलेली सोंगटी जागेवर परत! मोठी माय सुद्धा म्हणायची हो. दात खाऊन, पण म्हणायची.

आता ते माहेर. तापीच्या पल्याड, प्रकाशा गावाहून जरा पुढे, केळीच्या बागांमधलं गाव. लांब नाहीच. सकाळी निघालं तर जेवायला पोचावं. पण जिजी लग्न होऊन आली ती परत गेलीच नाही. लग्नात तिच्या भावाच्या माणसांना दुसऱ्या पंगतीला बसवलं म्हणे. भाऊ पत्रावळीवरून उठला, म्हणाला, ह्या गल्लीत मी पाय ठेवणार नाही. सासरे म्हणाले, भाऊ न्यायला आल्याशिवाय सून जाणार नाही. झालं. दोघंही शब्दाचे पक्के! सासरे वारले तरी त्यांचा शब्द घरात तसाच बसलेला, आणि मोठी माय त्याची राखण करत. बरं, भावाला सांगायचं कुणी, बोलायचं कुणी? दोन्हीकडून माणूसच जात नव्हतं.

आणि आमच्याकडची आखाजी तुम्हाला माहीत असेल. अक्षयतृतीया हो. लेकी माहेरी येतात, भाऊ गाडी घेऊन न्यायला येतो, झाडाझाडाला झोके. गल्लीतल्या सुना जायच्या, गल्लीच्या लेकी यायच्या. जिजी मात्र तिथेच. खापरावर पुरणपोळ्या करून ह्या दुसऱ्यांच्या लेकींना वाढायची, त्यांना झोके द्यायची. स्वतः झोक्यावर बसायची नाही. "मन्हं डोकं फिरस," म्हणायची. फासे घोळवताना तासभर मिटलेल्या डोळ्यांनी बसली तरी तिला कधी चक्कर आलेली मी पाहिली नव्हती.

त्या वर्षी मी मॅट्रिकची परीक्षा देऊन मोकळी होते. आखाजी दोन-तीन दिवसांवर. आईला बरं नव्हतं म्हणून तिच्या जागी सुमन वहिनी बसली, कोपऱ्यावरच्या घरातली नवी नवरी. तिचंही माहेर तापीपल्याडचं, कुठलं गाव ते कुणी विचारलंच नव्हतं. उद्या तिला न्यायला तिचा भाऊ यायचा होता, त्यामुळे तिचं लक्ष पटावर कमी आणि रस्त्यावर जास्त. तरी पौबारा पडले तिला! तिची सोंगटी धावत आली आणि माझी मारली गेली. मी आता तिला शिकवणार, की बाई, असं म्हणायचं असतं. तोवर तिनं माझी सोंगटी दोन बोटांनी उचलली, मधल्या घरात ठेवली आणि आपोआप म्हणाली, "जाय माय, चार दिन ऱ्हाईसन ये."

आम्ही बघतच राहिलो. जिजीच्या हातातले फासे थांबले.

"तुले कोनी शिकाडं व हाई?" मोठ्या मायनं विचारलं.

सुमन वहिनी घाबरली. वाटलं, चुकलं काहीतरी. म्हणाली, आमच्या गावात एकच घर असं खेळतं. मोठं घर आहे, शेजारचंच, आखाजीला तिथे पुरुषांचाही पट बसतो. घरधनी असा भरदार माणूस, मिशा एवढ्या, आवाज ऐकून बैल दचकतात. पण सोंगटी मारली की तो सुद्धा दोन बोटांनी उचलून हेच म्हणतो. आणि पाहुण्यातलं कुणी हसलं, की हे कुठलं खूळ, तर पट गुंडाळायला लागतो. "मन्ही बहिणना कायदा शे," म्हणतो, "खेयनं व्हई ते खेया." माझ्या बहिणीचा कायदा आहे, खेळायचं तर खेळा.

"तिन्हाच कायदा?" मी जिजीकडे वळले. "जिजी, म्हणजे हे तुझ्या माहेरचं नाही? तूच...?"

जिजीनं पदर तोंडाला लावला. यावेळी हसण्यासाठी नाही. "अजून असंच खेयस का तो?" एवढंच विचारलं, आणि उत्तर न ऐकताच उठून घरात गेली. आत हंड्यातून पाणी घेतल्याचा आवाज आला.

एक कावळा आला, कुरडया टोचायला लागला. कुणीच उठलं नाही.

मोठी माय फासे मांडीवर ठेवून बसली होती. पट बघत होती की काय बघत होती, देव जाणे. मग सुमन वहिनीला म्हणाली, "सकाय तू जाई ऱ्हायनी ना? त्याले सांग. कोपरावरनी इहीरपावत ये म्हना." कोपऱ्यावरच्या विहिरीपर्यंत ये म्हणावं.

"पण मोठी माय," मी म्हटलं, "ते गल्लीत पाय..."

"इहीर काय गल्लीमा शे का व, बेबी?" मोठी माय माझ्यावरच खेकसली. "गल्ली चालू व्हस निंबपासून. आनि इहीरपावत उना म्हंजे लेवाले उनाच ना? मन्हा घरना माणूसना शब्द बी ऱ्हायना, त्यान्हा बी ऱ्हायना. आते मन्हाकडे असंच शे!"

म्हणजे विहिरीपर्यंत आला की न्यायला आलाच, आणि दोघांचेही शब्द राहिले. पण विहीर गल्लीत नाही! जन्मापासून आम्ही त्या विहिरीला 'आपल्या गल्लीची विहीर' म्हणत होतो. पण कुणाची बिशाद होती हो बोलायची.

आखाजीच्या आदल्या दिवशी छकडा आला. विहिरीजवळच थांबला. खरंच एवढ्या मिशा! तो माणूस बैलाच्या वशिंडावर हात ठेवून उभा, गल्लीकडे तोंड नाही, पाठ. सगळी गल्ली दारांआड उभी राहून बघत होती, आणि जिजी गाठोडं घेऊन उन्हातून चालत गेली. सावकाश, जराही घाई नाही. मला तर वाटलं, आता पळेल, रडेल, गळ्यात पडेल. ती जवळ गेली आणि म्हणाली, "बैलेसले पानी पाजं का?"

तो मान हलवून नाही म्हणाला. मग तिनंच पोहरा विहिरीत सोडला. त्यानं दोर तिच्या हातातून घेतला. दोघं बाजूबाजूला उभे राहून पाणी ओढत होते, बैल पीत होते, आणि माझी आई, जी आजारी होती, ती दाराच्या फटीतून माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून बघत होती.

गेल्या आखाजीला मी रजा काढून घरी गेले. जिजीच्या ओट्यावर मोठी माय एकटीच. "जिजी?" म्हटलं तर बोटं मोडत म्हणाली, "भाऊकडे शे. कव्हयनी गयी, येवानं नाव नही. घरनं काम कोन करी?" पण सांगताना चेहरा असा, की लाडू वाटतेय.

दुपारी निंबाखाली पट मांडला. पापड होते, कावळे होते, सुमन वहिनीही माहेरी गेलेली. माझ्यासमोर भिडूची जागा रिकामी. आई नि मोठी माय सोंगटी घरात जाते की नाही ह्यावर भांडत होत्या आणि निवाडा करायला कुणीच नव्हतं. मला जिजीची फार आठवण आली, आणि त्याच वेळी मी मनात इतकी खूश होते की दान हातातच राहिलं.

तुमचं झालंय का हो असं कधी? एखादं माणूस जागेवर नाही, आणि ते नाही म्हणूनच तुम्हाला रडूही आलं नि आनंदही झाला?