पंधरा पावलांची परवानगी

अख्ख्या किनारपट्टीवर आधी परवानगी मागून मग संडास बांधायला निघालेला माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या आईचा मामा. आईचे मामा म्हणून आमचेही मामाच. बाकी दुनिया आधी स्लॅब टाकते, मग अर्जाचं बघते. समुद्राच्या तोंडावर एका मोसमात लॉज उभे राहतात, त्यांना कोणी काही विचारत नाही. विचारतात ते मामांना, कारण मामा विचारायला जातात. मी मोर्चे काढणारी, पत्रकं वाटणारी; हे मी पत्रकात छापलं होतं, इथे पुन्हा लिहिते.

मामा निवृत्त पोस्टमन. जन्मभर लोकांच्या सह्या घेऊन रजिस्टर पत्रं वाटली, त्यामुळे पोच घेतल्याशिवाय दिलेली वस्तू दिलीच नाही, असं त्यांचं पक्कं मत. आंब्याची पेटी घरी आणून दिली तरी खिशातून कागद निघणार, "चार डझन, दोन डागी. मिळाले म्हणून सही कर गो." एकदा भांडण मिटल्यावर त्यांनी मामींकडूनही तशी सही घेतली, असं आई शपथेवर सांगते. हे सगळे कागद मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यात, तारीखवार लावलेले. खोक्याला अजून बांगड्यांचा वास येतो, पण आतला एक कागद भिजलेला दाखवा!

तर मामींचं खुब्याचं हाड मोडलं. जोडलं, पण चाल गेली. संडास परसात, मागच्या पडवीपासून पंधरा पावलांवर, वाट चिऱ्याची आणि शेवाळलेली. दर खेपेला मामा हात धरून नेत आणि बाहेर उभं राहून मोठ्याने पेपर वाचत, आत मामींना एकटं वाटू नये म्हणून. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा पडल्या तर उठणार नाहीत. पावसाआधी पडवीचा एक कोपरा बांधून घ्यायचा, एवढंच मागणं. गवंडी म्हणाला, "मामानू, आठ दिवसांत बांधून देतंय. कोण येता बघूक?"

"मिया बघतंय मा!" मामा म्हणाले, आणि नगरपरिषदेत अर्ज गेला.

पहिलं त्रुटीपत्र आलं: सातबाऱ्यावरच्या सगळ्या हिस्सेदारांची संमती जोडा. मामा एसटीने फिरून तळेऱ्याच्या चुलतभावाची सही आणि दोडामार्गच्या आतेबहिणीचा अंगठा घेऊन आले. दुसरं आलं: नकाशावर उत्तर दिशेचा बाण नाही. बाण काढला. तिसरं: भरतीच्या रेषेपासूनचं अंतर दाखवा. मामा पुनवेच्या भरतीला टेप घेऊन किनाऱ्यावर उतरले, पाणी जिथवर आलं तिथे खुंटी ठोकली आणि जाळी आवरणाऱ्या दोघांच्या साक्षीदार म्हणून सह्या घेतल्या. अर्ज, पूर्तता, स्मरणपत्रं, दर कागदाच्या पोचेवर मामा कचेरीचा शिक्का मारून घेत. माझं डोकं फिरलं. म्हटलं, मामा, मोर्चा काढूया. "मोर्चो कित्याक गो? अर्ज आसा मा!"

घरात अस्सल मालवणी बोलणारे मामा कचेरीची पायरी चढले की छापील मराठीत शिरतात. "सदर अर्जावर कार्यवाही अपेक्षित आहे, साहेब." मे संपत आला होता, त्या दिवशी मीही सोबत होते. कारकून मान वर न करता म्हणाला, "तुमची फाइल सापडत नाही. नव्याने अर्ज करा."

माझी जीभ सुटणार, तेवढ्यात मामांनी खोका टेबलावर ठेवला, चपला काढल्या, हात जोडले आणि देवळात घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा महाराजा! शिक्क्याचे नऊ कागद माझ्याकडे आसत, आणि फाइल म्हणतत हरवली, रे महाराजा!"

रांगेतून कोणीतरी सवयीने म्हणालं, "व्हय महाराजा!"

"ती खंयच्या कपाटात दडान बसली आसात, थंयसून भायर काढ, रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" आता अख्खी रांग.

"माझी बायल परसात पडाच्या आधी सही होऊ दे, रे महाराजा!"

या वेळी कारकूनही म्हणाला. त्याच्या तोंडून निघूनच गेलं. गाऱ्हाणं ऐकून गप्प राहणं आमच्याकडे कुणाला जमलंय? मग तो लाल झाला, उठला, आणि फाइल त्याच्याच खुर्चीमागच्या गठ्ठ्यात निघाली. आठवड्यात परवानगी आली. देवाने दिली असं लोक म्हणतात. खोटं आहे. त्या नऊ कागदांपुढे कुणालाच "अर्ज आलाच नाही" म्हणता येईना, म्हणून दिली. माझी पत्रकं फेकलीत तरी चालेल, शिक्के जपा!

कोपरा झाला. पांढऱ्या लाद्या, धरायला दांडी. मामी आता एकट्या जातात, कुणाचा हात लागत नाही. परवा गेले तर मामा पडवीत, बंद दाराबाहेर खुर्ची टाकून, मोठ्याने पेपर वाचत बसलेले.

"मामा, आता कित्याक वाचतास?"

उत्तर दारामागून आलं. "वाचांदे गो. हात धरूचो तर बंदच झालो."

मामांनी पान उलटलं आणि आवाज थोडा चढवला.