पास्टर पाणी पीत होते तेव्हा

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतो आहे आणि बहुतेक वेळा अर्ध्यावर सोडून देतो. मी ख्रिस्ती घरातला, डहाणूच्या एका हायस्कूलमध्ये मराठीचा शिक्षक. देवावर माझा विश्वास आहे. पण दृष्टान्त होणं, आवाज ऐकू येणं असल्या बाबतीत आमच्या मंडळीत मी संशयी म्हणूनच ओळखला जायचो. त्यामुळे हे लिहायला दोन वर्षं लागली. जे घडलं तेवढंच लिहितो.

२०१७. ईस्टरआधीच्या उपवासकाळातला एक शनिवार. तलासरीजवळ, हायवेपासून थोडं आत, पत्र्याच्या छताचं एक लहान चर्च आहे. तिथे संध्याकाळी पाच वाजता भक्तिसभा होती. विषय — देवाच्या इच्छेला शरण जाणं. वलसाडकडचे एक पास्टर गुजरातीतून बोलणार होते. माझं लहानपण उंबरगावला गेलं, गुजराती पक्कं आहे, म्हणून वाक्यागणिक मराठी करायला नेहमी मलाच बोलवायचे.

माझी पत्नी इंदू त्या दिवशी घरी होती, तिच्या बहिणीसोबत. दोन वर्षं कॅन्सर, मुंबईच्या फेऱ्या. डॉक्टर शेवटी म्हणाले होते, "आणखी एक कोर्स करून बघता येईल, पण फायद्याची खात्री देत नाही." त्यातलं 'बघता येईल' एवढंच मी धरून ठेवलं. सोमवारी निघायचं ठरवलं, बॅगही भरली. इंदूला जायचंय का, हे तिला विचारलं नाही. आणि सोमवारबद्दल चर्चमध्ये कुणाला सांगितलंही नव्हतं.

सभेच्या आधी जसूबेन भेटल्या. त्या निवृत्त नर्स, कायम पहिल्या बाकावर. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंसाठी त्या प्रत्येक उपदेश फोनवर रेकॉर्ड करतात.

"मास्तर, आज जरा आटपतं घ्या हां," त्या म्हणाल्या. "पास्टर एक बोलतात, तुम्ही तीन बोलता. माझ्या फोनमध्ये जागा नाय."

"तुमच्या सासूबाईंची तक्रार आहे का?"

"त्या तर झोपून जातात. जागं मला राहावं लागतं!"

गाणी झाली. पास्टर बोलायला उभे राहिले, मी शेजारी दुसरा माइक घेऊन. भाषांतर करताना मी बोलणाऱ्याकडे बघत नाही. नजर फरशीवर ठेवतो आणि फक्त ऐकतो. वाक्य लांबलं तर हलकेच 'हं' म्हणतो... म्हणजे पुढे बोला, माझ्या लक्षात आहे.

पास्टर म्हणत होते, आपण प्रार्थना करतो म्हणजे देवाला काम सांगतो. हे कर, अमुक दिवसापर्यंत कर. मी ते मराठीत सांगितलं. मग मला पुढचं ऐकू आलं. आवाज त्यांचाच, शांत आणि थोडा घोगरा.

"मने हवे घरे रहेवा दे. मुंबई बस."

मी माइकमध्ये म्हणालो, "मला आता घरी राहू दे. मुंबई पुरे."

पुढच्या वाक्याची वाट बघत राहिलो. ते येईना, म्हणून मान वर केली. पास्टरांच्या हातात पाण्याचा पेला होता, आणि ते माझ्याकडे बघत होते. सभेतले निम्मे लोक गुजराती समजणारे. तेही बघत होते. पास्टरांनी पेला खाली ठेवला आणि काही न दाखवता पुढे बोलू लागले. मीही सभा संपेपर्यंत भाषांतर केलं. कसं केलं ते आठवत नाही.

नंतर चहाच्या वेळी पास्टर जवळ आले. "मास्तर, मुंबईनो दाखलो सरस हतो," ते म्हणाले, म्हणजे मुंबईचं उदाहरण छान होतं. मग पुढे गुजरातीतच, "पण मी तर पाणी पीत होतो."

जसूबेननी फोन माझ्या कानाला लावला. पास्टरांचं वाक्य, माझं वाक्य. मग पंख्याची घरघर, कुणाचा तरी खोकला. आठ-दहा सेकंद पास्टर काहीच बोलत नाहीत. पण त्या शांततेत माझा 'हं' आहे. स्पष्ट. आणि मग माझं ते भाषांतर.

"परत लावू?" जसूबेननी विचारलं. मी नको म्हणालो.

मंडळीच्या जीपने चारोटीमार्गे घरी आलो तेव्हा इंदू उशीला टेकून पेज खात होती. मी पलंगाच्या कडेला बसलो आणि विचारलं, "सोमवारी जायचंय का तुला?"

तिने चमचा वाटीत ठेवला. "विचारताय की सांगताय?"

"विचारतोय."

"दोन वर्षांत पहिल्यांदा." ती थोडी हसली. "मग नाही. सोमवारी नाही, नंतरही नाही. ती बॅग आधी डोळ्यांसमोरून हलवा."

तिची बहीण स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी बॅग उपसली. नंतर बहिणीला एकटीला गाठून विचारलं, सहाच्या सुमाराला इंदू काय करत होती? "झोपली होती," ती म्हणाली. "मी शेजारीच होते. एक शब्द बोलली नाही."

चोवीस दिवसांनी इंदू गेली. घरीच, सकाळी.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, तो देवाचा आवाज होता. माझा डॉक्टर भाचा म्हणतो, थकलेलं मन असे खेळ करतं. दोघेही खात्रीने बोलतात. मला खात्री नाही. ते शब्द इंदूचे होते असं मानलं की मला बरं वाटतं. पण दोन वर्षं त्या फेऱ्या मीही मारत होतो. मुंबई पुरे, असं माझ्याही मनात कधी आलं नसेल, असं शपथेवर सांगू शकत नाही. आणि तसं असेल, तर त्या संध्याकाळी मी कुणाच्या इच्छेला शरण गेलो?

इंदूला मी हे सगळं सांगू शकलो असतो. चोवीस दिवस होते, आणि शेवटचे दोन सोडले तर ती शुद्धीवर होती, गप्पा मारत होती. रोज तिच्या शेजारी बसून तिला वाचून दाखवायचो. पुस्तक मिटलं की वाटायचं, आता विचारावं... ते शब्द तुझे होते का?

विचारलं नाही. ती 'नाही' म्हणाली असती तर, एवढ्याच भीतीने.